व्रणोपचारक आणि मंडळी

मंडणगडात गुरांचा दवाखाना कुठे आहे असं विचारलं, तर कोणीही हात करून दाखवतो. माणसांचा दवाखाना कुठे आहे असं विचारलं, तर आधी तुम्हाला काय होतंय ते विचारतो, मग त्यावर आपल्या मावशीला लागू पडलेलं औषध सांगतो, आणि ते तुम्ही नाकारलंत तरच पत्ता देतो. गुरांच्या बाबतीत हा मधला टप्पा नसतो. घरगुती उपाय, शेजारचे उपाय आणि देवाला सांगणं हे सगळं उरकूनच गूर तिथवर पोचलेलं असतं.

पाटीवर 'पशुवैद्यकीय दवाखाना' असं भारदस्त लिहिलेलं असतं आणि आत त्याहून भारदस्त पदं बसलेली असतात. डॉक्टरांना सरकार डॉक्टर म्हणत नाही, पशुधन विकास अधिकारी म्हणतं. नुसत्या डॉक्टरला रोगी बरा केला की घरी जाता येतं. विकास अधिकाऱ्याला समोरचं जनावर हे धन आहे असं आधी मानावं लागतं आणि मग त्या धनाचा विकास करावा लागतो. आमच्याकडची गाय पाहिल्यावर पहिली पायरीच अवघड. उंचीने ती घाटावरच्या कालवडीएवढी, आणि दूध म्हणाल तर चहाला पुरून विरजणाला उरलं की मालकीण शेजारणीला बोलावून दाखवते. मात्र कातळावरचं गवत खाऊन आणि चार महिने पावसात भिजून ती तग धरते, हे तिचं कसब. पिढ्यान् पिढ्या आम्ही तिला 'गावठी' म्हणत आलो. २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने 'कोकण कपिला' या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ही बातमी मी आत्याला वाचून दाखवली, तेव्हा गोठ्यातल्या तांबूकडे बघत ती म्हणाली, "हिला सांगू नकोस. आधीच आंबोणाला नाक मुरडते."

सरकारी माणसाची मंडणगडला बदली झाली की नातेवाईक त्याच्याकडे सांत्वनाच्या चेहऱ्याने बघतात. रत्नागिरी जिल्ह्याचं हे उत्तरेचं टोक. रेल्वे नाही. मुंबईची एस.टी. म्हाप्रळ सोडून शेनाळ्याचा घाट चढते तेव्हा निम्मे प्रवासी झोपलेले असतात आणि उरलेले खिडकीबाहेर तोंड काढून असतात. अशा बदलीला अज्ञातवास म्हणायची पद्धत आहे. इतर खात्यांच्या बाबतीत ती अतिशयोक्ती असेल, गुरांच्या डॉक्टरांच्या बाबतीत मात्र तिला महाभारताचा आधार आहे. अज्ञातवासात नकुल विराटाच्या घोड्यांवर राहिला आणि सहदेव तंतिपाल हे नाव घेऊन गाईंवर. मुलाखतीत सहदेवाने सांगितलेली पात्रता वाचण्यासारखी आहे. ज्यांच्या मूत्राचा नुसता वास घेतला तरी वांझ गाईला वासरू होतं, असे बैल मला ओळखता येतात, असं तो म्हणाला. विराटाने त्याला जागच्या जागी नेमणूक दिली. मुंबईला परळमध्ये पशुवैद्यक शिकवणारं महाविद्यालय निघालं ते १८८६ साली. आता या पदवीला साडेपाच वर्षं लागतात, आणि एवढं शिकूनही तो वासाचा बैल अभ्यासक्रमात नाही.

पण माझा जीव जडलाय तो 'व्रणोपचारक' या शब्दावर. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हाही कौरवांच्या बाजूने लढलेला कुणीतरी असावा. व्रण म्हणजे जखम, तिच्यावर उपचार करणारा तो व्रणोपचारक. इंग्रजीत ड्रेसर. लोक त्याला 'डॉक्टर' म्हणतात आणि डॉक्टरांना 'मोठे डॉक्टर', म्हणजे एका शब्दात दोघांचीही बढती होते. माणसांची मलमपट्टी करणाऱ्याचा पेशंट फार तर 'आई गं' म्हणतो. व्रणोपचारकाचा पेशंट मागच्या पायाने उत्तर देतो. त्यामुळे या पदावरच्या माणसाला दोन विद्या याव्या लागतात: जखमेतले किडे चिमट्याने वेचणं, आणि ते करताना नेमकं कुठे उभं राहू नये हे ओळखणं. शिंगं धरणं, नाकात दोन बोटं घालून मान वर करणं, उधळलेल्या पाड्याला दोरीच्या एका फासात आडवा करणं, हेही त्यातच आलं. तिसरे परिचर. ते दार उघडतात, गव्हाणीतला पाला झाडतात, आणि अंगणातल्या लोखंडी खोड्यात कुठलं जनावर आधी घ्यायचं यावर निवाडा देतात. त्या निवाड्यावर अपील नाही.

नोंदवहीत मालकाचं नाव, जनावराचा प्रकार आणि रोगाचं नाव असे रकाने असतात. पेशंटच्या नावाला रकाना नाही. परिणामी पुकारा होतो तो मालकाच्या नावाने आणि जनावराच्या रोगाने. पंचक्रोशीत मान असलेल्या एका निवृत्त गुरुजींना भर गर्दीत "गुरुजी, जुलाब! या पुढे!" अशी हाक ऐकू आली, आणि शेळी ओढत ते ज्या चेहऱ्याने पुढे गेले तो मी विसरलेलो नाही.

या दवाखान्यातला पेशंट बोलत नाही, ही समजूत खरी आहे, पण अपुरी आहे. पेशंट बोलत नाही म्हणून त्याच्या वाट्याचं नातेवाईक बोलतात. "शेळीला काय होतंय?" या प्रश्नाचं उत्तर "त्याचं काय झालं डाक्टर, म्हातारा गेला त्या साली पडवीवर पत्रे टाकले" असं सुरू होतं. पत्रे कुठून आणले, किती पडले, मेव्हण्याने पैसे कसे थकवले, हे सगळं होतं. डॉक्टर मान हलवत ऐकतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस फार सोशिक. नंतर कळलं की तो कामात आहे. सतराव्या वाक्यात पत्र्यांना गेल्या आठवड्यात रंग दिल्याचं येतं, अठराव्यात रंगाचा जुना डबा पडवीतच राहिल्याचं, आणि एकोणिसाव्यात शेळीने तो चाटल्याचं. रंगातलं शिसं पोटात गेलं की जनावर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, दात खातं. तिसऱ्या वाक्याला अडवून "मुद्द्याचं बोला" म्हटलं असतं तर मुद्दा पडवीतच राहिला असता.

मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात मी एकदा पोटदुखी घेऊन गेलो होतो. तिथल्या तज्ज्ञांनी संगणकाकडे बघत मला पाच प्रश्न विचारले, त्याच्याकडेच बघत सात तपासण्या लिहून दिल्या आणि त्यालाच 'काळजी घ्या' असं सांगितलं. मला हात म्हणून कोणी लावला नाही. इथे हात लावल्यावाचून काही सुरूच होत नाही. कानाचं मूळ गार आहे की गरम, नाकपुडी ओली आहे की कोरडी, शेपटीखाली नाडी कशी चालते, डाव्या भकाळीत मूठ दाबली की आतलं पोट मुठीला किती वेळा उचलतं, हे सगळं बोटांनी. थर्मामीटर ज्या ठिकाणी लावतात ते ठिकाण सोडलं, तर या तपासणीचा मला हेवा वाटतो. आणि गाभण आहे का बघायचं झालं की डॉक्टर खांद्यापर्यंत मोजा चढवून आख्खा हात आत घालतात. एवढ्या खोलवर जाऊन माझी विचारपूस आजवर कोणी केलेली नाही. करावी असा आग्रहही नाही.

पावसाच्या तोंडावर दवाखाना घरी येतो. घटसर्प आणि फऱ्या हे दोन रोग पावसाबरोबर उतरतात, म्हणून मे-जूनमध्ये बर्फाचा डबा खांद्याला लावून मंडळी वाड्यावाड्यांतून हिंडतात. या डब्याकडे मी जरा आदराने बघतो. बुळकांडी नावाचा रोग आता आठवणाऱ्यांनाच आठवतो. तो आला की गोठेच्या गोठे रिकामे होत. त्याचा बंदोबस्त करायला इंग्रज सरकारने १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा काढली आणि १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. पुण्यातून वैतागून हिमालयात गेलेली माणसं पुष्कळ आहेत. प्रयोगशाळा ही एकच. पुढे १९५४ पासून देशभर लस टोचायची मोहीम चालली, १९९५ नंतर भारतात बुळकांडीचं जनावर सापडलं नाही आणि २०११ साली हा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. माणसांची देवी आणि गुरांची बुळकांडी, एवढे दोनच रोग पृथ्वीवरून हद्दपार झालेले आहेत. देवी गेल्याचं आपण शाळेत शिकलो. बुळकांडी गेल्याचं कोणी कोणाला सांगितलं नाही. ज्यांच्या घरची गाय वाचली त्यांनासुद्धा नाही.

मे महिन्यात चाकरमानी येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कुत्रे. गावच्या कुत्र्याला नाव असलं तरी फाइल नसते. मुंबईच्या कुत्र्याला फाइल असते, तिच्यात लशींचे दिनांक असतात, आणि "ब्रूनोला इथलं पाणी बाधलं" हे सांगायला चार माणसं असतात. खोड्याशेजारी नांगराचा बैल आणि ब्रूनो समोरासमोर आले म्हणजे बैल जे तोंड करतो ते गावाचं अधिकृत मत समजावं. बिबट्याने शेळी नेली, तर वन खात्याच्या भरपाईसाठी शेळी बिबट्यानेच मारली हा दाखलाही डॉक्टरच देतात. आता '१९६२' या नंबरावर फोन केला की औषधांची फिरती गाडी येते म्हणतात. १९६२ म्हटल्यावर माझ्या पिढीला चीन आठवतो, त्यामुळे मी अजून फोन लावलेला नाही.

हल्ली जिकडेतिकडे 'एआय'चा बोलबाला आहे. दवाखान्यात हा शब्द जुनाच. तिथे एआय म्हणजे कृत्रिम रेतन. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात ठेवलेली बारीक कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, आणि पुढचं काम मिनिटभरात. या एआयमुळे नोकरी गेली असेल तर ती एकट्या बैलाची.

या एआयवरून आमच्या घरात जे झालं ते सांगायचं तर आधी बिल्ल्याचं सांगायला हवं. तांबूच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारला त्या दिवशी मालकाचा मोबाइल नंबर मागितला गेला. आत्याकडे मोबाइल आहे, पण तो खराब होऊ नये म्हणून ती कपाटात ठेवते. म्हणून तिच्या मुलाचा, नालासोपाऱ्याचा नंबर दिला. त्याबरोबर नोंदीत मालक म्हणून नावही त्याचंच पडलं. आत्याला ते लागलं. "शेण मी काढते आणि मालक तो?" तिने परिचरांना विचारलं. परिचरांनी प्रथमच निवाडा राखून ठेवला. मग ओटीपी आला, तो अर्थात सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या आतेभावाला. पहिल्या फोनला त्याने ठग समजून फोन कापला. दुसऱ्या फोनला सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात "कुठली गाय?" असं विचारलं. इकडे तांबू खोड्यात उभी.

आतेभाऊ वाईट नाही. आई एकटी, घर वाडीच्या टोकाला, शेजारच्या सहा घरांपैकी चारांना कुलूप. फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो. गणपती झाले की गाय कोणाला तरी देऊन टाकायची आणि आईला घेऊन जायचं, हे त्याने शिमग्यालाच ठरवलं होतं. आत्याने 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. मृगाचा पाऊस लागला आणि एक दिवस तिने मला तांबूच्या मागून दवाखान्यापर्यंत चालवत नेलं. काम झालं, नोंद झाली, आणि संध्याकाळी आतेभावाचा फोन.

"दादा, मला मेसेज आलाय, एआय झालं म्हणून. आईने एआय कशासाठी घेतलं?"

मी समजावून सांगितलं. पलीकडे बराच वेळ फक्त लोकलचा आवाज. मग तो म्हणाला, "सहा वेतं झाली तिची. आता हा काय उद्योग?" मला वाटतं, त्याला सगळं कळलं होतं. ओटीपी न विचारताच कळलं होतं.

गणपतीला तो बायकामुलांसह आला. येतानाच परतीचं आईचं तिकीट काढून आणलेलं. पाच दिवस त्या तिकिटाबद्दल कोणी बोललं नाही. ते देव्हाऱ्याच्या फळीवर गणपतीच्या पावतीपुस्तकाखाली होतं. गौरीच्या दिवशी घरात चाळीस पान उठलं. उरलेल्या भाताचं पातेलं आतेभावाने उचललं आणि तांबूपुढे ओतलं, वर दहा-बारा मोदक. आता ती जाणारच, तर एक दिवस पोटभर खाऊ दे, असा त्याचा भाव. शहरात राहून त्याला एवढंच माहीत राहिलं होतं की गाईला घातलेलं पुण्याला लागतं. एकदम एवढा भात पोटात गेला की तो आंबतो, पोटात आम्ल होतं आणि गवतावर चालणारी चूल विझते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तांबू बसली ती उठेना. डावी बाजू फुगलेली, दात करकर वाजतायत, रवंथ बंद.

सुट्टीचा दिवस आणि धो धो पाऊस. डॉक्टर आणि व्रणोपचारक एकाच मोटारसायकलवर आले, मध्ये औषधांची बॅग रेनकोटात, आणि हे दोघे रेनकोटाबाहेर. डॉक्टरांनी भकाळीला नळी लावून ऐकलं. "पोट गप्प आहे," ते म्हणाले. खायचा सोडा पाण्यात कालवून नळीने पोटात सोडला. सलाइनच्या बाटल्या गोठ्याच्या वाशाला टांगल्या, एक वाशाला पोचेना ती व्रणोपचारकाने माझ्या हातात दिली आणि "वर धरा" म्हणाला. अशा रीतीने कुठलीही परीक्षा न देता मी परिचर झालो. आतेभाऊ कंदिलाशेजारी पायरीवर बसला होता. मध्येच तो डॉक्टरांना म्हणाला, "मी प्रेमाने घातलं हो." डॉक्टर म्हणाले, "सणात सगळे प्रेमानेच घालतात." त्यात टोमणा नव्हता. त्या आठवड्यातली ही चौथी गाय होती.

आत्या काही बोलली नाही. ती तांबूच्या कपाळावरून हात फिरवत बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "आतलं राहील ना हो?" डॉक्टर तेवढ्या एका प्रश्नाला उत्तर देत नव्हते.

पहाटे पाऊस ओसरला. तांबू उठली, पाय पसरून उभी राहिली, आणि जरा वेळाने तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकलेला दिसला. तिने जबडा हलवला. घरात टीव्हीवर कितीही रंगलेली मॅच असो, पाच माणसं एवढी टक लावून काही बघताना मी पाहिलेली नाहीत. गाय रवंथ करत होती.

मग डॉक्टरांनी खांद्यापर्यंत मोजा चढवला. आम्ही सगळे उगाचच दुसरीकडे बघू लागलो.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "टिकलंय. तीन महिने."

आत्याने पदर तोंडाला लावला. आतेभाऊ बोटांवर मोजत होता. गाईचे नऊ महिने नऊ दिवस, त्यातले तीन गेले. "म्हणजे शिमगा?"

"त्याच्या आसपास."

व्रणोपचारक बादलीत हात धूत होता. तो म्हणाला, "तवर जागा बदलायची न्हाय. प्रवास तर न्हायच न्हाय. झेपायचा न्हाय."

"छे, गाईला कुठे नेतोय मी आता?" आतेभाऊ म्हणाला.

"गाईचं कोण बोलतंय?" व्रणोपचारक म्हणाला आणि बाटल्या उतरवायला वळला.

चहा झाला. चहात दूध शेजारणीकडचं होतं. डॉक्टरांनी केसपेपर काढला, मांडीवर धरला आणि सवयीने विचारलं, "मालकाचं नाव तेच ना?"

आतेभाऊ देव्हाऱ्याच्या फळीकडे बघत होता. "नाही," तो म्हणाला, "आईचं लिहा. मोबाइल नंबर माझा राहू दे."

"आणि ओटीपी आला की लगेच सांगायचा," आत्या आतून म्हणाली. "गाय उभी असते खोड्यात."